राजगड-तोरणा-रायगड : राहिलेली अर्धी वाट

राजगड-तोरणा-रायगड हा ट्रेक मी सुरू केला डिसेंबर 1998 मध्ये आणि पूर्ण केला या जानेवारीत. मधली सगळी वर्षं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, मित्राचा पाय मुरगळला म्हणून तोरण्याच्या पुढून परत आलो. पाय मुरगळला होता हे खरंय, पण परत फिरलो ते त्यामुळे नाही.

तेव्हा आम्ही दोघंच, एकोणीस वर्षांचे. स्वारगेटवरून एसटी, मार्गासनीवरून गुंजवणे, चोरदरवाज्याने राजगड, रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून त्या लांबच लांब धारेला लागलो आणि अंधार पडता पडता बुधला माचीवरून तोरण्यात शिरलो. इथपर्यंत काहीच अडलं नाही. तिसऱ्या दिवशी तोरण्याच्या पश्चिमेला उतरून मोहरी गावाकडे निघालो, जीपीएस वगैरे काही नव्हतं तेव्हा, कॉलेजच्या एका सिनियरने वहीच्या पानावर नकाशा काढून दिला होता आणि त्यात तोरणा आणि रायगड एवढे मोठे काढले होते की मधलं सगळं दोन बोटांत संपायचं. कारवीच्या झुडपांत वाट चुकलो, दुपारी पाणी संपलं, आणि घसाऱ्यावर त्याचा पाय गेला.

संध्याकाळी कसेबसे एका धनगरवाड्यावर पोचलो. तिथल्या बाबांनी आधी ताक दिलं, मग हळद गरम करून त्याच्या घोट्याला बांधली आणि म्हणाले, "ऱ्हावा की दोन दीस. पाय बसंल. मंग माझं पोरगं सोडील तुमाला मोहरीपतुर." मित्र लगेच तयार झाला. मी नाही म्हटलं. रायगडला जायचं तर सह्याद्रीच्या कड्यातून नाळेने, म्हणजे दगडांच्या घळीतून, खाली कोकणात उतरावं लागतं, त्या उतरण्याची मला इतकी धास्ती बसली होती की आदल्या रात्रीपासून झोप नव्हती आणि हे तोंडाने सांगायची लाज. म्हणून घरचे काळजी करतील, जर्नल्स सबमिट करायची आहेत, काय काय कारणं काढली. सकाळी परत तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याची वाट धरली, तो काठी टेकत टेकत माझ्या मागे, एक शब्द न बोलता. दोन दिवस थांबलो असतो तर पाय नक्की बरा झाला असता. आणि पुढे सव्वीस-सत्तावीस वर्षं मी दोष त्याच्या पायावर टाकत राहिलो, तो समोर बसलेला असतानासुद्धा.

गेल्या दिवाळीत त्याला फोन करून हे सगळं सांगितलं. जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चल मग, जाऊया. पण यावेळी दोन दिवस जास्तीचे धर."

धरले. आणि त्या दोन दिवसांनी ट्रेकच बदलला असं मला मनापासून वाटतं. राजगड-तोरणा धारेवर मध्ये भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता आडवा येतो तिथे अर्धा तास नुसते बसलो, पाणी दिसेल तिथे भरून घेतलं, वाटेत भेटेल त्याला वाट विचारली, मोबाईलमध्ये ट्रॅक होता तरी विचारली. तो धनगरवाडा शोधायचा खूप प्रयत्न केला. एका सपाटीवर जोत्याचे चार दगड आणि मोडका गोठा सापडला, तोच असेल की नाही सांगता येत नाही. मित्राने तिथे सॅक उतरवली आणि दोन घोट पाणी जमिनीवर ओतलं. मी काही बोललो नाही.

मोहरीत ज्या घरी राहिलो तिथल्या मावशी साठीच्या असतील. चुलीवर तांदळाची भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "उद्या कंच्या वाटनं जानार?" सिंगापूर नाळेने दापोलीला उतरणार म्हटलं (ही रत्नागिरीतली दापोली नव्हे, रायगडाच्या मागच्या खोऱ्यातलं लहानसं गाव). तर त्या हसल्या, "दापोली माजं म्हायार. त्याच नाळंनं वर नांदाय आले की मी. लुगडं खोचून, डोईवर पत्र्याची पेटी." आणि भाकरी उलटली. ज्या उताराच्या भीतीने मी परत फिरलो होतो तो यांच्या लग्नाचा रस्ता होता. मीठ, सुकट, तांदूळ, लेकी, सुना, सगळं याच नाळांतून वरखाली होत आलंय, बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ, आग्याची नाळ, मढे घाट, शेवत्या घाट. आम्ही एकोणीसाव्या वर्षी गड मोजत चाललो होतो, मधली वाट फक्त सोसायची. आता कळतं की आधी वाटा होत्या आणि वाटांवर नजर ठेवायला गड होते. राजगडावरून राजधानी रायगडला गेली ती याच मुलखातून, आणि घाटाचा पहारेकरी म्हणून लिंगाणा किल्ला मध्ये उभा.

लिंगाणा जवळून बघायचा तर मोहरीहून रायलिंगच्या पठारावर जायला हवं. सकाळी गेलो. पठार अचानक संपतं आणि समोर हात लांब केला तर लागेल असा तो सुळका, मध्ये खोल दरी, आणि त्याच्या मागे रायगड. मित्र इतका जवळ जाऊन बसला की मी त्याची कॉलर धरून ठेवली होती.

नाळ म्हणजे खरं तर पावसाळ्यात पाणी धावतं ती कड्यातली घळ, सगळे दगडधोंडे, काही ट्रंकेएवढे, काही हलणारे. भीती वाटली. यावेळी मी ते मोठ्याने सांगितलं, तर मित्र पुढे झाला आणि प्रत्येक दगडावर आधी स्वतः पाय दाबून बघून मगच "ये" म्हणायचा. त्याच मुरगळलेल्या पायाने. जवळजवळ तीन तास लागले. दापोलीच्या पहिल्या घराशी कोंबड्या दिसल्या तेव्हा माझे गुडघे थरथरत होते आणि डोळे भरले होते.

एक दिवस तिथेच राहिलो, नदीत पाय सोडून बसलो. मग वाघेरीवरून रायगडवाडी आणि चित दरवाज्याने वर, हजारच्या वर पायऱ्या, शाळांच्या सहली, लिंबू सरबत. समाधीपाशी डोकं टेकवलं, जगदीश्वराला गेलो आणि तसेच पुढे भवानी टोकाकडे गेलो. हवा स्वच्छ होती. समोर लिंगाणा, त्याच्यामागे घाटमाथ्याची भिंत आणि पार लांब तोरणा, धुरकट निळा.

"कुठून फिरलो होतो रे आपण तेव्हा?" त्याने विचारलं.

मी बोट दाखवलं. त्याने बराच वेळ तिकडे बघितलं, सॅकमधून मावशींनी बांधून दिलेली उरलेली भाकरी काढली, मोडून अर्धी मला दिली.