चष्म्यांची पेटी घेऊन उदयनगरकडे

चर्चची गाडी खेड्यात निघाली म्हटलं की लोक हमखास विचारतात, "पत्रकं वाटायला का?" नाही हो. आमच्या गाडीत असतात जवळचं दिसायचे चष्मे, +१ पासून +३ पर्यंत, ओआरएसची पाकिटं आणि बीपी मोजायचं यंत्र. मध्य प्रदेशात धर्मांतरावर बंधनं घालणारा कायदा १९६८ पासून आहे. २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. धर्म बदलायचा तर ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं त्यात लिहिलंय. म्हणून आधी सरपंचांना भेटायचं, कशासाठी आलो ते सांगायचं, आणि आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही, असं आमच्या पाळकांनी बजावून ठेवलंय. मंडळीतल्या काहींना हे बुळचट वाटतं. मला पटतं. ताप आलेल्या माणसाला आधी गोळी हवी असते, बायबलचं वचन नंतरही चालतं.

उदयनगर इंदूरच्या आग्नेयेला, देवास जिल्ह्यात. इंदूरकर असल्यामुळे पोहे-जिलेबी पोटात गेल्याशिवाय गाडी हलत नाही. त्यात पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, म्हणजे जीरावन, कुठलं बरं यावर आमच्यातल्या काका आणि मावशींचं वाजतंच. फेब्रुवारी सरत आला की घाटात पळस फुललेला असतो. याच रस्त्यावर नाचनबोरची टेकडी आहे, आणि तिथं गाडीतल्या गप्पा आपोआप कमी होतात.

२५ फेब्रुवारी १९९५ ला कॅथॉलिक संन्यासिनी सिस्टर राणी मरिया सकाळच्या बसनं इंदूरला निघाल्या होत्या. मूळच्या केरळच्या; १९९२ पासून उदयनगरला आदिवासींमध्ये काम करत होत्या. बायकांचे बचतगट बांधणं, सरकारी योजनांचे अर्ज भरून देणं, सावकाराच्या तावडीतून लोकांना सोडवणं, हे ते काम. ज्यांचं व्याज बुडत होतं त्यांना ते खुपलं. भाड्याच्या मारेकऱ्यानं याच टेकडीजवळ भर बसमध्ये त्यांच्यावर पन्नासहून अधिक वार केले. पुढं त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनीच रदबदली केली आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मरियांना 'धन्यवादित', म्हणजे कॅथॉलिक चर्चमधली संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं. आम्ही प्रॉटेस्टंट, कबरीपुढं मेणबत्ती लावणं आमच्या अंगवळणी नाही. तरी उदयनगरच्या चर्चमध्ये त्यांच्या कबरीजवळ पाच मिनिटं थांबल्याशिवाय आमच्यातलं कुणी पुढं जात नाही.

आम्ही ज्या पाड्यावर जातो तो आणखी आत आहे. बारेला आदिवासींची घरं, एकमेकांपासून बरीच लांब, प्रत्येकाच्या शेतात एकेक. पत्र्याच्या शाळेसमोर सतरंजी अंथरली की आमचा दवाखाना सुरू. तपासणीची पद्धत साधी: सुईत दोरा ओवायचा. काका, निवृत्तीपर्यंत चष्म्याच्या दुकानात होते, एकेक नंबर नाकावर चढवून बघतात.

एका आजींना +२.५ चा लागला. त्यांनी आधी स्वतःचा तळवा उलटसुलट करून पाहिला. नखातली माती दिसली तशी ती पदरानं काढली. मग मान वर करून काकांकडं निरखून बघत म्हणाल्या, "तुझ्या कानात किती केस रे, दादा!" सतरंजीवरचं सगळं पब्लिक हसून लोटपोट. काकांनी कानटोपी चढवली ती थेट परत निघेपर्यंत.

दोरा ओवल्यावर आजी उठल्या नाहीत. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. गटाची वही. आठवड्याला वीस रुपये, कर्जाला शेकडा महिना एक रुपया व्याज. सावकाराचा दर विचारला तर एकीनं फक्त पाच बोटं दाखवली. अध्यक्ष या आजी, पण आकडे दिसत नसल्यामुळे वही वाचायला नातू लागायचा. "पोराला सगळ्या पाड्याची कर्जं कळतात. मग तो बाहेर बोलतो," त्या म्हणाल्या. चष्मा हवा होता तो यासाठी.

मी वही पाहायला मागितली. शाईच्या अंगठ्यांची रांग, आणि अलीकडच्या पानांवर अंगठ्यांच्या जागी चारदोन सह्या, अक्षरं ओळीबाहेर गेलेली. बियाण्यासाठी तीन हजार, म्हैस आजारी म्हणून पाचशे, सगळं लिहिलेलं. गेल्या वर्षी एक घर ऊसतोडीला गेलं नाही, कारण बियाण्याचे पैसे गटातून मिळाले. त्यांची मुलगी आठवीच्या परीक्षेला बसतेय. आशेवरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आलेय. आशेचा हिशोब तारीखवार मांडलेला मात्र तिथंच पाहिला.

दुपारी दाल-पानिया झाले. मक्याच्या पिठाचे गोळे पळसाच्या पानांत दाबून गोवरीच्या आरावर भाजतात. पान सोलताना बोटं पोळतात आणि पानाच्या शिरा पानियावर उमटलेल्या दिसतात. मावशींनी चार खाल्ले आणि डब्यातल्या पुऱ्या तशाच परत आणल्या.

निघताना आजींनी आम्हाला कामं सांगितली. पुढच्या खेपेला चष्मे कमी आणा, बँकेचा फॉर्म भरता येणारी एक मुलगी आणा. गटाचं खातं उघडायचंय आणि तिथला बाबू दरवेळी एक कागद कमी काढतो. आणि एप्रिलमध्ये येऊ नका, तेव्हा सगळे मोहाची फुलं वेचायला जंगलात असतात. मावशींची भाची बँकेत आहे. तिला गाडीत बसूनच फोन लावला.