एका ओळीची जागा

सोमवार, रात्री

वरून आलेला तक्ता आज भरून दिला. आमच्या इतिहासाच्या प्रत्येक पेपरसमोर एक रकाना, 'रोजगाराशी थेट संबंध'. एका ओळीत लिहा म्हणून खाली सूचना. भरून मेल केला, दोन लेक्चर्स घेतली, घरी आले, स्वयंपाक केला, आणि अजून ते डोक्यातून जात नाही.

प्राचार्य मॅडमचा राग नाही आला. त्या फिजिक्सच्या, त्यांच्या विषयालाही हाच तक्ता आहे आणि वर उत्तर त्यांनाच द्यायचंय. आमच्या विभागातले सर निवृत्त झाले ती जागा भरलेली नाही, त्यांचे तास सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधनावर चाललेत. पुढच्या वर्षी मेजरला, म्हणजे मुख्य विषय म्हणून इतिहास घ्यायला मुलं कमी आली तर वर्कलोड... ते आज नको.

मग वाईट कशाचं वाटलं?

विचारलं म्हणून? नाही. पगार लोकांच्या पैशातून होतो, लोकांनी विचारावंच. आणि वर्गातली मुलं काही हौसेखातर इतिहास घेऊन बसलेली नाहीत. बऱ्याच जणांनी बीए घेतलं ते अनुदानित वर्गाची फी झेपते आणि सकाळचं कॉलेज सुटलं की कामावर जाता येतं म्हणून. कुणी मॉलमध्ये उभं राहतं, कुणी मेडिकलच्या दुकानात. त्यांना नोकरीचं काय ते सांगायची जबाबदारी माझीही आहे. म्हणून मी लिहिलं: संग्रहालयं, पुराभिलेखागार, पर्यटन, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा. यातलं काही खोटं नाही.

तरीही काहीतरी सलतंय.

थंडीत मुलांना कान्हेरीला नेलं होतं. बोरिवलीच्या जंगलात शंभराहून जास्त लेणी, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरलेले दानाचे लेख. राजांचे थोडे, साध्या माणसांचे पुष्कळ. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं खोदवून दिलं, त्याचाही लेख आहे. कल्याणच्या मुली तिथून हलेनात. नालासोपाऱ्याहून येणारा एक मुलगा रात्रपाळी करतो, पहिल्या लेक्चरला त्याचे डोळे मिटतातच. दान देणाऱ्यांत सोपाऱ्याचे व्यापारीही आहेत, असं मी म्हटलं तसा तो पुढे आला.

"मॅडम, आमचं सोपारा?"

"तुमचंच."

मग तिथेच उन्हात उभं राहून त्याला सगळं सांगितलं. सोपाऱ्याचं बंदर, तिथून आत घाटाकडे चालणारा व्यापार, १८८२ साली पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी तिथे उकरलेला स्तूप, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा सापडलेला तुकडा. तो तुकडा आज फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयात आहे आणि स्तूपातला अवशेषांचा करंडक एशियाटिक सोसायटीकडे. त्याला त्याच्या गावाबद्दल आजवर लोकांनी काय सांगितलं होतं? गाडीत चढायला मिळत नाही, पावसाळ्यात पाणी भरतं, नळाला पाणी नाही. नालासोपारा म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय येतं, ते त्या मुलाने आयुष्यभर पाहिलंय. पुढच्या आठवड्यात म्हणाला, "बुरुड राजाच्या कोटावर पप्पांना घेऊन गेलो होतो. त्यांना वाटायचं नुसतं टेकाड आहे." त्या स्तूपालाच गावात हे नाव आहे.

हे कुठे लिहू? याला रकानाच नाही. सलतंय ते हेच. उत्तर एका ओळीत मावत नाही, ते ठीक आहे. पण त्या तक्त्याला या मुलाचं काही विचारायचंच नव्हतं. उद्या इतिहास बंद झाला, तर काय गेलं ते सांगायलाही कागदावर काही उरणार नाही. मघाशी भांडी घासताना रडू आलं. एवढी वर्षं आपण जे केलं ते कुणाच्या हिशेबात नाही, असं वाटून.

आता जरा शांत झालेय.

आमच्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि राजाबाई टॉवरला पैसा दिला प्रेमचंद रायचंदांनी. कापसात आणि शेअरबाजारात मिळवलेला पैसा, आणि टॉवरला आईचं नाव. रोजगाराचा अर्थ त्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती, कल्याणच्या सोनारालाही नव्हती. दोघांनी कमाईतला काही भाग अशा कामाला लावला, ज्याचा लाभ कोण घेणार ते त्यांना दिसणारही नव्हतं. इथूनच १८६२ साली पहिल्या तुकडीत बीए झालेले न्यायमूर्ती रानडे पुढे मराठीला अभ्यासक्रमात जागा मिळावी म्हणून किती खटपट करत राहिले. त्यांनाही पटवून द्यावं लागलंच. मला लागलं तर त्यात एवढं काय? पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील, पुन्हा लिहीन. आणि रकाना नसला तरी वेगळं पान जोडून त्या मुलाचं लिहीन, नाव न घालता.

त्याने प्रोजेक्टला सोपाऱ्याचं बंदर घेतलंय. भगवानलालांचा तिथल्या उत्खननावरचा लेख एशियाटिकच्या जुन्या अंकात आहे. तो वाचायला त्याला तिथे पाठवायचं तर कॉलेजचं पत्र लागेल. मजकूर लिहून ठेवलाय. उद्या ऑफिस उघडल्यावर टाईप करून घेते आणि मॅडमची सही घेते, म्हणजे रात्रपाळी करून परस्पर तिकडे जाता येईल त्याला.