कोळिष्टकांची राखण

गॅलरीतल्या कोपऱ्यातलं कोळिष्टक काढायचं मी दोन महिने टाळते आहे. खरं कारण आळस. परवा दुपारी त्या आळसाला जरा बरं नाव मिळालं.

एप्रिलचं ऊन. वाळत घातलेली चादर उलटवायला गेले, तर ग्रिलवर नाचण. अंगाने चिमणीएवढी, भुवई पांढरी, गळा पांढरा, छातीवर ठिपक्यांची पट्टी. क्षणभर स्वस्थ नाही. इकडे वळली की शेपटीचा पंखा उघडायचा, तिकडे वळली की मिटायचा. या उघडझापीने पानांआडचे किडे बिचकून उडतात आणि ही त्यांना टिपते. इथे मात्र ती किड्यांसाठी आली नव्हती. तिने जाळ्यात चोच खुपसली, मान दोन-तीनदा फिरवली, धागा चोचीभोवती गुंडाळला आणि भुर्रकन टेकडीकडे.

आमच्या वाड्यात नवरात्राआधी जळमटं निघायची. दादा डोक्याला पंचा गुंडाळून, काठीला कुंचा बांधून स्टुलावर उभे. माझं काम खालून बोट दाखवायचं, "इथे राहिलं, तिथे राहिलं." जळमटं म्हणजे अवदसा, असं आत्या म्हणायची. ती बोट दाखवायची खोड अजून गेलेली नाही. कुणाकडे गेले की चहा येईपर्यंत माझी नजर छताचे कोपरे तपासून येते.

हनुमान टेकडीच्या उतारावर मी एकदा नाचणीचं घरटं पाहिलं होतं. (हे म्हटलं की आमची नात भाकरीचंच विचारते.) हात पुरेल एवढ्या उंचीवर, आडव्या फांदीला धरून बसवलेली इवलीशी वाटी. आत बारीक गवत, बाहेरून कोळिष्टकाचा लेप, गिलावा केल्यासारखा गुळगुळीत. खाली उगीचच लोंबणारं एक शेपूट. नर-मादी दोघं मिळून ते बांधतात, उबवायलाही आळीपाळीने बसतात. कोळ्याचा धागा चिकटतोही आणि ताणला तरी लगेच तुटत नाही. दुसरं सिमेंट त्यांना कुठून मिळणार?

नाचण काही दुर्मीळ नाही. तिची पाच-सहा सुरांची शीळ, एखाद्या कार्ट्याने घालावी तशी, टेकडीवर सकाळी फिरणाऱ्या सगळ्यांच्या कानावरून जाते. तिला लागते दाट झुडपांची सावली, किडे आणि कोळी. म्हणजे आमची सोसायटी ठराव करून जे जे काढून टाकते, नेमकं तेच. औषध फवारणाऱ्यांचं टायमिंग तर असं, की ऐन वीणीच्या दिवसांत हजर. पुण्यातल्या या टेकड्यांवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय, ते आणखी भिजो, असं मी हल्ली मनातल्या मनात म्हणते. उघड म्हटलं तर ट्रॅफिकमध्ये अडकलेला जावई चिडतो.

काल मावशी कुंचा घेऊनच आल्या.

"ताई, केवढी जळमटं ही!"

"राहू द्या."

"पाहुणे यायचेत ना?"

"हॉलमधली काढा. गॅलरीतली नको."

"तिथं काय पुरलंय का?"

पक्ष्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, आमच्या आत्यासारखीच.

त्यानंतर नाचण काही फिरकलेली नाही. कोळ्याचं मात्र बरं चाललंय.