तीन टेबलं आणि एक सुट्टी

सीमापार गुन्हेगारीचा कायदा शिकवायला घेतला की पहिले चार तास कलमांत जातात आणि मुलं नुसत्या माना डोलावतात. मला त्या डोलणाऱ्या मानांची धास्ती वाटते. म्हणून त्या दिवशी पुस्तक मिटलं, टेबलं तीन कोपऱ्यांत सरकवली आणि त्यांवर कागद चिकटवले : ढाका, न्यूयॉर्क, मनिला.

प्रकरण बांगलादेश बँकेचं. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. चोर बांगलादेशच्या या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरले आणि तिच्याच नावानं त्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे वळते करायचे ३५ आदेश धाडले. मागणी सुमारे ९५ कोटी डॉलरची. बहुतेक आदेश अडले, पण ८ कोटी १० लाख डॉलर मनिलातल्या खात्यांत पोचले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकल्यामुळे अडकले. इथे वर्ग हसतो, दरवर्षी हसतो.

मग फळ्यावर वार लिहिले. शुक्रवार-शनिवार ढाका बंद. शनिवार-रविवार न्यूयॉर्क बंद. सोमवारी ८ तारखेला चिनी नववर्षाची सुट्टी, मनिला बंद. ढाक्याच्या टेबलाला म्हटलं, ‘‘तुम्ही सरकार. पैसे थांबवा.’’

ढाक्यानं पालेर्मो करार उघडला. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा हा करार २००० सालचा. त्याचं १८वं कलम देशांनी एकमेकांना करायच्या कायदेशीर मदतीचं, त्याला तब्बल ३० उपकलमं. एका मुलानं बरोबर चौदावं शोधलं : तातडी असेल आणि दोन्ही देश राजी असतील तर तोंडी विनंती चालते, लेखी मागाहून लगेच द्यायची. तो उठला, मनिलाच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, ‘‘मी फोन केलाय असं समजा.’’

मनिलाची मुलगी मान वर न करता म्हणाली, ‘‘आज सुट्टी आहे. आणि तुम्ही बोलताय कोणाशी?’’

मी तिला हे शिकवलं नव्हतं. पण मुद्दा नेमका होता. विनंती जाते ती दोन्हीकडच्या नेमून दिलेल्या मध्यवर्ती प्राधिकरणांमार्फत, म्हणजे एका सरकारी खात्यातून दुसऱ्या सरकारी खात्यात. फोन उचलायला तिथे कोणीतरी बसलेलं हवं.

लेखी अर्ज आला तेव्हा माझीच चूक उघडी पडली. पंधराव्या उपकलमाप्रमाणे मी नमुना करून दिला होता : तपास कशाचा, घटनेचा सारांश, नेमकी कोणती मदत हवी, आणि शक्य असेल तिथे संबंधित व्यक्तीची ओळख. ‘शक्य असेल तिथे’ हे शब्द मी गाळले होते. ढाक्यानं त्या रकान्यात खातेदारांची नावं लिहिली. मनिलानं अर्ज परत केला. ही खाती मे २०१५ मध्येच बनावट कागदपत्रांवर उघडलेली, त्या नावांची माणसंच नव्हती. मला वाटलं, आता वर्ग वैतागेल. उलट ढाक्याचे तिघे अर्जावर ओणवे झाले आणि खोडाखोड सुरू झाली. तोवर फळ्यावर मंगळवार उजाडला होता आणि खात्यांतून पैसे निघाले होते. पुढे त्यातला मोठा भाग कसिनोंत गेला. फिलिपिन्सचा मनी लाँडरिंगविरोधी कायदा तेव्हा कसिनोंना लागू नव्हता, २०१७ मध्ये लागू झाला. म्हणजे अर्ज अगदी बिनचूक असता, तरी मनिलाच्या हातात कसिनोंकडून माहिती सक्तीनं मागायला फारसं काही नव्हतं.

मागच्या बाकावर एक विद्यार्थिनी बसते. आधी बँकेत होती, वर्गात क्वचितच बोलते. तिनं विचारलं, ‘‘मॅडम, प्रिंटरचं काय?’’

ढाक्यात व्यवहारांचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर शुक्रवारी सकाळी बंद आढळला होता. कर्मचाऱ्यांना वाटलं, नेहमीचा बिघाड. मी हे ओझरतं सांगून पुढे सरकले होते.

‘‘आमच्याकडे प्रिंटर थांबला की आम्ही आधी कागद अडकलाय का बघायचो,’’ ती म्हणाली. ‘‘मग शिपायाला हाक. चोरीचं डोक्यातही यायचं नाही.’’

यावर कोणी हसलं नाही. ढाक्याचा मुलगा फळ्याशी गेला आणि शुक्रवारच्या चौकटीत त्यानं प्रिंटर काढला, बराच वाकडा.

तास संपला तरी मनिलाचं उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ईमेल आला : ‘‘विनंती मिळाली. सोबतचं परिशिष्ट जोडलेलं नाही. कृपया पुन्हा पाठवावी.’’