आमची वाटचाल : वाळलेली पानं, गॅमा आणि वासाचं गणित

आमचा धंदा साधा, औषधी वनस्पती वाळवायच्या, चुरा नाहीतर पावडर करायची आणि काढे, हर्बल चहा बनवणाऱ्यांना द्यायची. पण मातीतले जंतू पानाबरोबर येतातच, त्यामुळे मोठ्या ऑर्डरी कायम अडायच्या त्या मायक्रोबियल काउंटवर, म्हणजे मालातल्या जंतूंच्या संख्येवर. आधी स्टीम लावली, काउंट उतरला पण पुदिन्याचा वासही गेला, आणि जाणारच ना, तेल काढतात तेही वाफेनंच! इथिलीन ऑक्साइड हा जंतू मारणारा वायू युरोपात खाण्याच्या मालाला चालत नाही, म्हणून तो विषयच सोडला.

मग गॅमा, म्हणजे जंतू मारणारे गॅमा किरण. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी स्रोतासमोरून सीलबंद खोकी जातात, १० किलोग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) डोसला पाणीसुद्धा जेमतेम अडीच अंशांनी तापतं, म्हणजे उष्णतेनं वास उडायचा प्रश्न नाही. माल किरणोत्सारी होत नाही हे मात्र आजही प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगावं लागतं.

तरी वास बदलतो, आणि त्यात मोठा हात असतो ओलाव्याचा. पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार क्रियाशील कण होतात आणि ते लिमोनिनसारख्या दुहेरी बंधवाल्या टर्पीन्सवर, म्हणजे वास देणाऱ्या तेलातल्या घटकांवर, तुटून पडतात, त्यात पाकिटात ऑक्सिजन असला की झालंच, ऑक्सिडेशन सुरू. ओव्यातला थायमॉल, तुळशीतला युजेनॉल त्यामानानं तग धरतात कारण ते स्वतःच अँटिऑक्सिडंट. म्हणून आम्ही खर्च केला तो ड्रायरवर आणि नायट्रोजन पॅकिंगवर, शिवाय खोक्यातला लायनर (आतली पिशवी) बदलला कारण साधं पॉलिथिन गॅमा खाल्लं की स्वतःचाच वास मालाला देतं.

एकाच लॉटचं अर्धं सॅम्पल गॅमा करून आणि अर्धं तसंच ठेवून दोन्हीचं तेल क्लेव्हेंजरवर (वाफेनं तेल काढायचं काचेचं उपकरण) काढतो आणि जीसी-एमएसला, म्हणजे तेलातला एकेक घटक वेगळा करून ओळखणाऱ्या तपासणीला, पाठवतो. गंमत म्हणजे कधीकधी गॅमावाल्यातून तेल थोडं जास्तच निघतं, पेशींच्या भिंती सैल होतात म्हणून असेल, पण नुसत्या टक्क्यावर खूश होऊ नये, तपासणीच्या आलेखात कुठल्या घटकाचा पीक (उंचवटा) खाली आलाय ते बघावं.

काउंट मुळातच कमी असेल तर १० कशाला, ५ किलोग्रेमध्ये भागतं. आणि बुरशी मेली तरी तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष तसंच राहतं, त्यामुळे बुरसटलेला माल गॅमानं "सुधारून" द्या म्हणणाऱ्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो. गवती चहाला वास देणारं सिट्राल फार नाजूक, म्हणून गवती चहा अजूनही फक्त लवकर वाळवून, गॅमा न करता, छोट्या लॉटमध्येच विकतो.