तुम्ही विचारलंत म्हणून: पाचव्या महिन्यात मी समुद्रावर का गेले

मुलगी आता चार वर्षांची आहे, तरी लग्नात, हळदीकुंकवाला किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणी ना कोणी हा विषय काढतेच: "पोटात बाळ असताना तू क्रूझवर गेलीसच कशी?" विचारणाऱ्यांपैकी काहींना मला दोष द्यायचा असतो, तर काहींना स्वतः जायचे असते आणि माझ्या तोंडून होकार हवा असतो. आपल्या गोव्यात नऊ-नऊ महिने जहाजावर राहणाऱ्या तारवट्याला कोणी असे विचारल्याचे मी ऐकलेले नाही, पण ते असो.

तिकिटे आधीच काढली होती आणि पैसे परत मिळणार नव्हते, हे मी आजवर देत आलेले उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. त्याआधीच्या खेपेला मी फोंड्याच्या घराबाहेर पाऊल टाकले नव्हते, पाण्याची बादली उचलली नव्हती, पपईकडे पाहिलेही नव्हते, आणि तरीही नवव्या आठवड्यात सगळे संपले. "कुठे दगदग झाली का?" असे तुम्ही तेव्हाही विचारले होतेत. घरी बसूनही ऐकूनच घ्यायचे असेल तर समुद्र बघून ऐकावे, असे माझ्या मनाने घेतले. ते शहाणपणाचे होते असा माझा दावा नाही. सासूबाईंनी कवळ्याला शांतादुर्गेपुढे नारळ ठेवला, माझ्या पिशवीत आवळासुपारीची पुडी कोंबली आणि त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

तयारीत मी कसूर केली नाही. प्रवास संपेपर्यंत २४ वा आठवडा लागलेला नसावा, अशी बहुतेक क्रूझ कंपन्यांची अट असते; मी २१ व्या आठवड्यात होते, डॉक्टरांचे पत्र जवळ होते, आणि कच्चे हॅम व कच्च्या दुधाचे चीज मी पूर्ण वर्ज्य केले होते. विम्याच्या कागदात मात्र गरोदरपण वगळले होते. ते वाचूनही मी पान उलटले.

बार्सिलोनाहून निघून आम्ही आधी फ्रान्समधल्या मार्सेयला उतरलो. तिथे टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च आहे, त्यातल्या मेरीला गावकरी 'भली आई' म्हणतात, आणि खलाशांनी नवस फेडताना वाहिलेली छोटी छोटी जहाजे आत छताला टांगलेली आहेत. ती पाहत बाकावर बसले असताना, शिजत्या भातात झाकणाखाली बुडबुडा फुटावा तशी पहिली हालचाल मला जाणवली. आपण आलो ते बरेच केले, असे मी त्या क्षणी ठरवून टाकले.

जिनोआनंतर नेपल्स आले आणि तिथून रेल्वेने पॉम्पेई. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या त्या शहराचे रस्ते काळ्या दगडांचे आहेत, गाड्यांच्या चाकांनी त्यांत चर पडले आहेत, आणि सावली जवळजवळ नाहीच. नवरा दोनदा म्हणाला, "परत फिरू या." मी पाच तास चालले. एका चरात पाय मुरडला, पण पडले नाही.

त्या रात्री पोटात काहीच हलेना. मी कुशीवर झोपले, थंड पाणी प्यायले, साखर खाल्ली. पुढचे बंदर मेसिना; त्याच्या वाटेवर स्ट्रॉम्बोलीचा ज्वालामुखी दिसतो म्हणून सगळे प्रवासी वरच्या डेकवर गेले होते, आणि आम्ही दोघे लिफ्टने खाली जहाजाच्या दवाखान्यात चाललो होतो. तिथल्या डॉक्टर बाईंनी पोटावर गार जेल लावून बाळाचे ठोके ऐकवणारे, हातात मावणारे डॉप्लर यंत्र फिरवायला सुरुवात केली. खरखर, मग जहाजाच्या इंजिनाची घरघर, आणि मग एक स्पष्ट, संथ ठोका. मी रडायलाच लागले. त्यांनी माझे मनगट धरले, घड्याळाकडे पाहिले आणि हळूच सांगितले की तो ठोका माझाच आहे. त्यानंतरची मिनिटे किती होती ते नवऱ्याला आठवते, मला नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एका कुत्र्याचे चित्र होते, एवढेच मला आठवते. मग ओटीपोटाच्या डाव्या बाजूला, अगदी खाली, धावत सुटल्यासारखा तो दुसरा ठोका लागला: मिनिटाला १५०.

या दिवसांत हालचाल रोज जाणवेलच असे नाही, हे त्यांनी समजावले. मी विचारले, की काही झालेच असते तर? त्या म्हणाल्या की २१ व्या आठवड्यात जन्मलेले मूल किनाऱ्यावरच्या मोठ्या रुग्णालयातही बहुधा वाचवता आले नसते. २४ व्या आठवड्याच्या सुमारास जन्मलेले मूल वाचण्याची शक्यता असते, मात्र त्यासाठी लागणारी यंत्रणा जहाजावर नसते. ज्या आकड्याला मी सुरक्षिततेची हमी समजले होते, ती केवळ जहाजाची स्वतःपुरती सीमा होती. त्या आकड्याच्या अलीकडे मी सुरक्षित होते असे कोणी म्हटलेच नव्हते. म्हटले होते ते मीच.

मग घरी राहायला हवे होते का? घरी असते तरी त्या आठवड्यात कोणाच्या हातात काही नव्हते, असे माझे एक मन म्हणते. दुसरे मन विचारते, मग पॉम्पेईत पाच तास कशाला चाललीस? पहिल्याकडे याचे उत्तर नाही.

मेसिनाला मी केबिनमध्येच पडून राहिले. माल्टाच्या व्हॅलेटाला बंदरावरून ५८ मीटर उंच लिफ्टने वरच्या बागेत गेलो, दुपारी बाराची तोफ ऐकली, आणि माझा हात सारा वेळ पोटावर होता. पोटात काही हलले नाही. हालचाल परत जाणवली ती शेवटच्या दिवशी, चहूकडे नुसते पाणी असताना, मी मळके कपडे बॅगेत भरत होते तेव्हा.

मागच्या आठवड्यात धाकट्या जावेने तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. तिला चौथा लागला आहे आणि तिचीही तिकिटे काढून झाली आहेत. मी तिला विम्याचे ते पान वाचून दाखवले, आणि मग न विचारताच मार्सेयच्या त्या बाकाबद्दलही सांगत बसले. "म्हणजे जाऊ की नको, वहिनी?" ती म्हणाली. सासूबाई शेजारीच नारळ खवत होत्या, आणि याही वेळी त्या काही बोलल्या नाहीत.