कंत्राटदार बदलला, काम तेच

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फाउंड्रींमध्ये (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत) कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, ग्राइंडिंग करणारा कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे त्याच मशीनवर असतो. बदलते ते फक्त हजेरीपत्रकावरचे कंत्राटदाराचे नाव. खानापूर तालुक्यातून रोज ये-जा करणाऱ्या माझ्या एका नातेवाइकाचे भविष्य निर्वाह निधीचे (पीएफचे) पासबुक मी मोबाइलवर उघडून पाहिले, तेव्हा एकाच यूएएनखाली (कामगाराच्या कायमस्वरूपी पीएफ क्रमांकाखाली) तीन कंत्राटदारांची तीन खाती दिसली आणि मधल्या काही महिन्यांचा भरणाच नव्हता, जरी त्या महिन्यांच्या पगारपावत्यांवर पीएफची कपात स्पष्ट छापलेली होती. कंत्राटदाराकडे विचारणा केली, तर काम सोडून गेलेल्या जुन्या ठेकेदाराला गाठा, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर कायद्याला धरून नाही. 1952 च्या भविष्य निर्वाह निधी योजनेनुसार कंत्राटदारामार्फत घेतलेल्या कामगारांची वर्गणी भरण्याची अंतिम जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे कंत्राटदारामार्फत काम करून घेणाऱ्या कंपनीची, असते. मजुरीचेही तेच: कंत्राटदाराने ती थकवली, तर मूळ मालकाने द्यावी आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही ती आहे. त्यामुळे तक्रार करताना कंपनीचे नाव वगळणे म्हणजे आपला दावा आपणच कमकुवत करणे होय.

कायम होण्याची आशा मात्र वेगळी ठेवावी. कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी या आपल्याच राज्यातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये, केवळ दीर्घ सेवेमुळे सरकारी नोकरीत कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे ठरवले. त्या निकालाचा धाक खासगी कारखान्यांतल्या कामगारांनाही दाखवला जातो, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. थकलेल्या पगाराशी किंवा पीएफशी त्याचा काहीही संबंध नाही. उलट 2016 च्या जगजीत सिंग निकालात सरकारी सेवेतील हंगामी कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी वेतनश्रेणीतील किमान वेतन द्यावे, असेच न्यायालयाने सांगितले.

नव्या संहितेने प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. आमच्या नातेवाइकाला ते अद्याप मिळालेले नाही, म्हणून पीएफच्या तक्रारीला आम्ही पगारपावत्या, गेटपास आणि बँकेचे खातेउतारे जोडले आहेत आणि प्रतिवादी म्हणून कंत्राटदाराच्या आधी कंपनीचे नाव लिहिले आहे.